सोळा गुणांचा रुग्ण

ताप मोजायचा तर थर्मामीटर काखेत धरता येतो. उदासी मोजायची तर काखेत काय धरणार? म्हणून डॉक्टरांनी तिच्यासाठी प्रश्नांची मोजपट्टी केली. मन कसं आहे, झोप लागते का, अन्न गोड लागतं का, कामात जीव रमतो का, जगण्याबद्दल काय वाटतं, असे सतरा मुद्दे आणि प्रत्येकाला गुण. शाळेत गुण जास्त मिळाले की पेढे वाटायचे. इथे उलटं असतं. गुण जितके जास्त, तितका आजार खोल. बेरजेवरून तो सौम्य, मध्यम की तीव्र हे ठरतं आणि त्यावरून औषध.

अडचण एवढीच, की थर्मामीटरला दया येत नाही आणि माणसाला येते. एक डॉक्टर हळवा, तो भरभरून गुण देतो. दुसऱ्याचा हात आखडता. एकाच रुग्णाला एक म्हणतो मध्यम, दुसरा म्हणतो तीव्र, मग औषध कुणाच्या मापानं द्यायचं? म्हणून मोजणाऱ्यांनाही आधी मोजून घ्यावं लागतं.

रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर हे काम मॅडम करत. रोगाइतक्याच वर्षांच्या वाटाव्यात अशा जुन्या खुर्च्या, एक लांब टेबल, तिवईवर कॅमेरा, कागदी रुमालांचा डबा आणि भिंतीला टेकून एक लोखंडी कपाट, एवढी ती खोली. मॅडम तिच्यात कधी बसलेल्या कुणी पाहिल्या नव्हत्या. हातातलं पेन टकटक उघडबंद करत त्या फेऱ्या मारायच्या. पायाला भिंगरीच. शिकाऊ डॉक्टर मागे त्यांना 'भिंगरी'च म्हणायचे, आणि मॅडमना ते ठाऊक होतं, कारण हे नाव मुळात त्यांच्या धाकट्या भावानं लहानपणी ठेवलं होतं आणि त्यानंच ते इथे फोडलं होतं.

हा भाऊ म्हणजे अस्वल. लहान मुलांच्या नाटकात त्यानं उभी हयात अस्वलाचं काम केलं. रस्त्यानं जाताना पोरं "अस्वलकाका!" म्हणून हाका मारायची आणि तो भर चौकात हात वर करून डुलायचा. नाटक मंडळी बंद पडली तेव्हा मॅडमनी त्याला इथे आणलं. काम सोपं होतं. उदास माणसाचं सोंग घेऊन खुर्चीत बसायचं, शिकाऊ डॉक्टर विचारतील त्याला पाठ केलेली उत्तरं द्यायची. उत्तरांची संहिता मॅडमनी स्वतः लिहिली होती. तीन जुन्या डॉक्टरांनी बसून तिचे गुण ठरवले होते. सोळा, म्हणजे मध्यम आजार. जो शिकाऊ सोळाच्या आसपास पोचला त्याचा हात बरोबर. जो दूर गेला त्याला पुन्हा शिकवायचं.

"अस्वलाचं कातडं उतरवलं आणि रडक्याचं चढवलं," भाऊ सगळ्यांना सांगायचा. "हे हलकं आहे. घाम येत नाही."

त्या दिवशीही तो बसला, बोलला, उठला आणि बाहेर गेला. तिघा शिकाऊ डॉक्टरांनी आपापले गुण सांगितले. चष्मेवाला म्हणाला, सतरा. त्याच्या शेजारचा उंच डॉक्टर म्हणाला, अठरा. तिसरी मांडीवरच्या लिहायच्या बोर्डवर बेरीज पुन्हा करत होती. सगळ्यात शंका हिलाच, म्हणून बाकीचे तिला शंकासुर म्हणत.

"बोल," मॅडम म्हणाल्या.

"तेवीस."

पेनाची टकटक थांबली. "तेवीस? उत्तरं ऐकलीस ना नीट?"

"उत्तरं सोळाचीच होती, मॅडम. बाकीचे बघून दिले."

तिचं म्हणणं नियमाला धरून होतं. मोजपट्टीतले काही मुद्दे विचारायचे नसतात, बघायचे असतात. माणूस बोलताना अडखळतो का, हालचाल मंदावली आहे का, हातपाय अस्वस्थ आहेत का.

"त्यांची टाच सारखी हलत होती," शंकासुर म्हणाली. "आणि करंगळीच्या नखाजवळचं कातडं सोलत होते. लाल झालं होतं. प्रश्न विचारला की उत्तराआधी जरा वेळ जायचा."

"हिला टाचेतही शंका," उंच डॉक्टर म्हणाला. चष्मेवाला फिस्सकन हसला.

मॅडमना टाच दिसली नव्हती. शिकवताना त्या नेहमी रुग्णाच्या खुर्चीमागे उभ्या राहत. त्यांची नजर मोजणाऱ्यांवर असे, कारण त्यांना मोजायचे होते ते हे तिघं.

"हे बघ, दया आली की गुण वाढतात," त्या म्हणाल्या. "पेपर तपासताना आपण अक्षर बघून मार्क देतो का?"

"या पट्टीत अक्षराचेही मार्क आहेत, मॅडम."

मॅडमना राग आला. त्यांनी खिडकी उघडली, परत लावली. दोन आठवड्यांवर बाहेरून परीक्षक येणार होते. एका नव्या औषधाची चाचणी या रुग्णालयाला मिळायची तर इथल्या प्रत्येक मोजणाऱ्याचे गुण सोळाच्या दोन अलीकडे-पलीकडे यायला हवे होते. वर्षभर मॅडम त्याच्याच मागे होत्या.

"नट आहे तो," त्या शेवटी म्हणाल्या. "रंगात आला असेल. मी बघते त्याच्याकडे."

अस्वल जिन्याजवळच्या पाण्याच्या यंत्रापाशी उभा होता. कागदी पेला भरून हातात धरला होता, पीत नव्हता.

"काय गं भिंगरी, पास का मी?"

"नापास. टाच कशाला हलवत होतास?"

"हलत होती?"

"हलत होती म्हणे! अरे, अस्वलाचं सोड आता. मागच्या रांगेतल्या पोरापर्यंत पोचवायचं नाहीये काही. समोर तीन माणसं आणि एक कॅमेरा. नखं काय कुरतडतोस, थांबून थांबून काय बोलतोस! एका पोरीनं तेवीस दिले तुला."

"तेवीस," तो म्हणाला. "चांगले असतात का?"

"चेष्टा नको. माझी परीक्षा आहे. अभिनय कमी कर."

त्यानं मान डोलावली. पेला तसाच बाजूला ठेवला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, हल्ली मला ना, पहाटेच जाग येते. मग काही केल्या डोळा लागत नाही."

मॅडम घड्याळाकडे बघत होत्या. "वाक्य बरोबर आहे, पण 'हल्ली' नाही, 'गेले दोन आठवडे' असं आहे. आणि इतकं आतून नको. सपाट म्हण."

त्यानं त्यांच्याकडे पाहिलं. मग हसला, अस्वल हसायचं तसं, खांदे हलवून, पण आवाजाशिवाय.

"सपाट म्हणतो," तो म्हणाला.

मॅडम दोन-दोन पायऱ्या गाळत खाली उतरल्या. मधल्या वळणावर त्या थबकल्या. काहीतरी विसरल्यासारखं वाटत होतं. पर्स चाचपली, किल्ल्या होत्या. फोन होता, चष्मा होता. सगळं जागच्या जागी होतं, तरी ती रुखरुख संध्याकाळपर्यंत गेली नाही. घरी त्यांनी नीट लावलेले डबे पुन्हा लावले. भावाला फोन करावा असं एकदा मनात आलं. पण दर रविवारी फोन तोच करायचा. गेले काही रविवार केला नव्हता. कामात असेल, असं म्हणून त्यांनी चहाचे कप विसळायला घेतले.

पुढच्या सरावाला अस्वलानं सांगितल्याप्रमाणे केलं. दोन्ही हात मांडीखाली घेतले, पाय खुर्चीच्या दांडीत अडकवला आणि संहिता पाण्यासारखी सपाट म्हणून दाखवली. सकाळी उठावंसं वाटत नाही. कामाला हात लावला की वाटतं, कशासाठी. अन्नाला चव नाही. कपडे सैल झालेत.

चष्मेवाल्यानं सोळा दिले. उंच डॉक्टरनं सतरा. मॅडमचा चेहरा उजळला.

"आणि आमचा शंकासुर?"

"एकवीस," ती म्हणाली. आणि कुणी काही बोलायच्या आत, "त्यांनी पाय अडकवून ठेवला होता, मॅडम. अडकवून ठेवावा लागत होता. आणि वजन खरंच कमी वाटतं. शर्ट बघा ना, गळ्यात दोन बोटं जातील."

मॅडम मोकळेपणानं हसल्या. किती दिवसांनी.

"अगं वेडे! तो शर्ट आमच्या कपाटातला आहे. हा पठ्ठ्या पहिल्यांदा आला तेव्हा पोटावरची बटणं तुटायला आली होती त्याची. आणि वाक्य काय, तर 'कपडे सैल झालेत'! पोरं हसायला लागली. मग मी दोन मापं मोठा घेऊन आले, तपकिरी चौकड्यांचा. सोंगाचा शर्ट आहे तो. त्याचे कसले गुण देतेस?"

सगळे हसले. मॅडमच्या पाठीमागे दाराशी उभा असलेला अस्वलही हसला.

"पण मॅडम, हा तर..." शंकासुर म्हणाली.

"पुरे. परीक्षेच्या दिवशी दोनच्या आत राहायचं असेल तर टेबलाशी बस. नाहीतर मागच्या खुर्चीत, गुण न देता."

ती लाल झाली. बोर्ड छातीशी धरून उठली. जाताना तिनं वळून अस्वलाकडे पाहिलं. तो दाराच्या चौकटीला टेकून आपला पाय बघत होता. पाय आता मोकळा होता आणि टाच हलत होती.

परीक्षेच्या दिवशी मॅडम सगळ्यांच्या आधी आल्या. खुर्च्या सरळ केल्या, मग जराशा तिरक्या, मग पुन्हा सरळ. रुमालांचा नवा डबा हवा म्हणून कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात डबा होता. खालच्या कप्प्यात तपकिरी चौकड्यांचा शर्ट होता, इस्त्रीची घडी घातलेला, लाँड्रीचा कागदी पट्टा अजून भोवती तसाच.

मॅडमनी पट्टा बोटानं ओढून पाहिला. घट्ट होता. घडीच्या वरच्या बाजूला धूळ बसली होती.

परीक्षकांसाठी म्हणून त्यांनीच तो धुवायला दिला होता, थंडीच्या सुरुवातीला. परत आला तो ठेवून दिला. त्यानंतर कितीतरी सराव झाले होते. मग तो घालत काय होता?

त्यांनी कॅमेरा चालू केला. छोट्या पडद्यावर मागच्या सरावातला भाऊ दिसला. राखाडी शर्ट. मॅडमना तो लांबूनही ओळखता आला असता, कारण तो त्यांनीच शिवून दिलेला होता. शिंप्यापुढे उभं राहून अस्वलानं पोट आत ओढलं होतं, आणि त्या ओरडल्या होत्या, "खोटं माप देऊ नकोस, सोड पोट!" बरोबर मापाचा, जरा घट्टच झालेला तो शर्ट आता पडद्यावर गळ्यापासून सुटून उभा होता, आणि त्यातून भावाची मान वर आली होती ती दुसऱ्याच कुणाची वाटत होती.

मॅडमनी भावजयीला फोन लावला. तिला बेकरीत सकाळची घाई असते, तरी तिनं उचलला.

"काय ताई, आज परीक्षा ना? गेलाय तो. केव्हाच निघाला."

"अगं, तो घरी जेवतो का नीट?"

"जेवतो कसला! दोन घास घेतो आणि म्हणतो, चव नाही. मी म्हटलं, चाललं याचं पाठांतर." ती हसली. मागे पत्र्याचे ट्रे वाजत होते. "तुम्ही फार कामाला लावलंय हो त्याला. सकाळी पांघरुणातून आवाज येतो, 'उठावंसं वाटत नाही.' मी म्हणते, वा! आंघोळीला चल म्हटलं की, 'कशासाठी?' अगदी हुबेहूब. परवा जेवणाच्या टेबलावर असं काही म्हणाला ना, की मी टाळ्या वाजवल्या, ताई. म्हटलं, अस्वलापेक्षा हे चांगलं वठतंय तुला."

मॅडमची नजर पडद्यावरच्या मानेवर होती.

"ताई? ऐकताय ना?"

"टाळ्या वाजवल्यावर तो काय म्हणाला?"

"काही नाही. वाकून नमस्कार केला. नटच तो." पलीकडचे ट्रे वाजायचे थांबले. "ताई, का हो विचारताय?"

"तू इकडे ये," मॅडम म्हणाल्या. "हातातलं टाकून ये."

त्या दिवशी जिन्यात काय विसरल्यासारखं वाटलं होतं, ते त्यांना आता कळलं. पाण्याच्या यंत्रापाशी त्यानं जे सांगितलं, ते वाक्य संहितेत नव्हतंच. संहितेतल्या माणसाला रात्री झोप लागत नाही. पहाटे जाग यायचं त्यांनी कुठेच लिहिलं नव्हतं. स्वतः लिहिलेलं त्यांना पाठ होतं, आणि तरी त्या त्याची चूक सुधारत बसल्या होत्या.

बाहेर पावलं वाजली. परीक्षक आले, बारीक चणीचे, हातात चामडी पिशवी. मागोमाग तिघं शिकाऊ. शेवटी अस्वल. तो सवयीनं आपल्या खुर्चीत बसला, हात मांडीखाली, पाय दांडीत. शंकासुर न सांगताच मागच्या खुर्चीकडे वळली.

"सुरू करू या?" परीक्षकांनी विचारलं. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला.

मॅडम नेहमीसारख्या खुर्चीच्या मागे गेल्या नाहीत. पुढे आल्या आणि भावाच्या समोर उभ्या राहिल्या. एका हाताची कड मांडीखालून दिसत होती, करंगळीपासून तळहातापर्यंत कातडं सोललेलं.

"थांबवा," त्या म्हणाल्या.

"काय झालं?"

"आज हा रुग्ण चालणार नाही. याची उत्तरं आता खोटी राहिली नाहीत."

खोलीत कुणाला काही समजलं नाही. अस्वलाला समजलं. तो घाईघाईनं म्हणाला, "ताई, अगं काय हे? सपाट म्हणणार आहे मी. पाय पण बांधलाय. बघ."

"नको बांधूस."

"अगं, परीक्षा आहे तुझी!"

"खड्ड्यात गेली परीक्षा."

परीक्षकांनी पेनाचं टोपण लावलं. "सत्र रद्द झालं असं मला लिहावं लागेल. पुढची तारीख लवकर मिळत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"लिहा."

त्यांनी क्षणभर अस्वलाकडे निरखून पाहिलं. मग स्वतःच उठून कॅमेरा बंद केला आणि चष्मेवाल्याला आणि उंच डॉक्टरला म्हणाले, "चला, इथे चहा कुठे चांगला मिळतो ते दाखवा मला." जाताना दार त्यांनी आवाज न करता ओढून घेतलं.

मॅडम समोरच्या खुर्चीशी गेल्या. बोर्ड हातात घेतला. पहिला प्रश्न त्यांनी हजार वेळा विचारून दाखवला असेल: गेल्या आठवड्यात मन कसं होतं? तो ओठापर्यंत आला आणि तिथेच राहिला. आपल्या माणसाला आपण मोजू नये, हे त्या दर वर्षी पहिल्याच तासाला शिकवत. कारण विचारलं की सांगत, आपल्या माणसाचं माप आपल्या मनात आधीच ठरलेलं असतं.

त्यांनी बोर्ड शंकासुराकडे दिला. "तू विचार."

"मॅडम, तुम्ही मग बाहेर..."

"असू दे तिला," अस्वल म्हणाला. "फक्त बस म्हणावं. येरझाऱ्या घातल्या की मला गरगरतं."

मॅडम मागच्या खुर्चीत बसल्या.

शंकासुरानं आपली खुर्ची थोडी जवळ घेतली. "गेल्या आठवड्यात मन कसं होतं?"

"जड होतं. सकाळी उठावंसंच वाटत नाही. वाटतं..." तो थांबला. ओशाळून हसला. "हे तर तेच झालं."

"हो. मला पाठ आहे."

"माझ्याकडे दुसरं वाक्य नाही, डॉक्टर. शोधलं मी. घरी सांगायला गेलो की तोंडातून हेच येतं. हिनं लिहिलंयच इतकं बरोबर. मग समोरच्याला वाटतं, तालीम आहे." त्यानं हात मांडीखालून काढले आणि ते कुठे ठेवावेत हे न कळून पुन्हा तिथेच ठेवले. "काही दिवसांनी मलाही वाटायला लागलं, तालीमच असेल."

"मग तेच म्हणा," शंकासुर म्हणाली. "आज मी खरं धरणार आहे."

तो म्हणायला लागला. वाक्यं तीच होती. मॅडमना प्रत्येक शब्द येण्याआधी माहीत होता आणि प्रत्येक शब्द आला की त्या खुर्चीत दचकत होत्या. पेन उघडबंद करायला त्यांचा अंगठा शिवशिवत होता. त्यांनी पेन पर्समध्ये टाकलं. मग पर्सचा बंद पिळायला लागल्या. झोप, भूक, काम, अपराधी वाटणं. शंकासुर कुठेही घाई करत नव्हती. उत्तराआधी जो वेळ जात होता तो ती जाऊ देत होती, आणि त्या वेळात अस्वलाची टाच फरशीवर वाजत होती.

"जगणं नकोसं वाटतं का?"

"कधी कधी वाटतं, झोपेतच संपलं तर बरं." संहितेत याच्यापुढे एक वाक्य होतं: पण त्यापुढे मी कधी गेलो नाही. मॅडमच्या ओठांनी ते आवाज न करता म्हटलं.

अस्वल फरशीकडे बघत होता. टाच थांबली होती.

"पुढचं येत नाही," तो म्हणाला.

शंकासुरानं त्याला आठवण करून दिली नाही. "त्यापुढे गेलात का कधी?"

"मनानं."

"एवढ्यात कधी?"

"आजच. येताना. वाटेत थांबलो होतो बराच वेळ." तो मागे वळून बघत नव्हता, पण बोलत होता तो मागच्या खुर्चीशी. "मग म्हटलं, आज ताईची परीक्षा आहे. उशीर नको व्हायला."

मॅडम उठल्या, आणि कुठे जायचं हे न कळून परत बसल्या.

शंकासुरानं अजून काही प्रश्न विचारले, सरळ आणि साध्या शब्दांत, जसं पोटात कुठे दुखतं हे विचारावं. त्यानं सगळ्यांची उत्तरं दिली. मग तिनं बोर्ड उलटा मांडीवर ठेवला. "आज तुम्हाला एकटं सोडायचं नाही. वर आमचे मोठे डॉक्टर आहेत, आत्ता आपण तिघं त्यांच्याकडे जातोय. काही दिवस इथे राहावं लागेल. यावर औषध आहे, आणि लागू पडलं की नाही ते आपल्याला मोजता येतं."

"किती झाले?" अस्वलानं विचारलं.

तिनं मॅडमकडे पाहिलं नाही. "सव्वीस."

"सव्वीस!" तो म्हणाला. "बघ ताई, दहा जास्त. तरी सपाट म्हटलं होतं."

"गप रे," मॅडम म्हणाल्या.

वर जायला एकच जिना. अस्वल एका पायरीवर दोन्ही पाय टेकत चढत होता. मॅडम सवयीनं चार पायऱ्या पुढे गेल्या, मागे पाहिलं, खाली उतरून आल्या. पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा त्यांनी त्याच्या राखाडी शर्टाची बाही धरली आणि सोडलीच नाही. मग त्यांनाही हळू चढावं लागलं.

मोठ्या डॉक्टरांनी तपासलं, दोन कागदांवर सही केली आणि त्यांना दाखल करण्याच्या खिडकीकडे पाठवलं. तिथल्या कारकुनानं वर न बघता विचारलं, "वय?" ते झालं. "व्यवसाय?"

"अस्वल," अस्वल म्हणाला.

कारकुनानं मान वर केली. मॅडमना हसावं की काय करावं कळेना. शंकासुर मात्र हसली, मोठ्यानं, आणि ते ऐकून तोही थोडा हसला. खांदे हलले, यावेळी जरासा आवाजही आला.

"नट लिहा," तो म्हणाला.

"सोबत कोण?"

"बहीण," मॅडम म्हणाल्या.

तेवढ्यात भावजय जिन्यातून धापा टाकत वर आली. कपाळाला पीठ लागलेलं, ॲप्रन तसाच. तिनं मॅडमकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. त्याच्या गळ्याशी सुटलेल्या शर्टावर तिची नजर अडकली. तो शर्ट रोज तीच वाळत घालत होती.

"काय रे?" ती म्हणाली. "काय होतंय तुला?"

त्यानं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. टाच फरशीवर वाजायला लागली. बाही अजून मॅडमच्या मुठीत होती.

"मला सकाळी..." तो म्हणाला, आणि तिच्या हातांकडे बघून थांबला.

तिला त्या टाळ्या आठवल्या. तिनं दोन्ही हात ॲप्रनच्या खिशात घातले.

"म्हण," ती म्हणाली. "पहिल्यापासून म्हण."